पाकिटावरचे ३३ आणि आमच्या तात्यांचे कान

आमचे तात्या खानापूरकडच्या एका दगडाच्या खाणीत बावीस वर्षं जॅकहॅमर चालवत होते. आता दारात ट्रॅक्टर आला तर त्यांना कळतंय, पण नात "तात्या, चहा घेताय काय?" म्हणाली की नुसतं तिच्या तोंडाकडं बघत बसतात, आवाज पोचतोय, शब्द पोचत नाहीत. मोठ्या आवाजानं पहिल्यांदा ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातंय, आणि स, श, च असली अक्षरं त्याच वरच्या पट्टीतली. कानाच्या आतल्या केसाळ पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

मी आता दुसऱ्या खाणीत सेफ्टीचं बघतो. परवा फोमचे नवीन इअरप्लग आले, पाकिटावर रेटिंग ३३, म्हणजे आवाज ३३ डेसिबलनं कमी होतो असं. ड्रिलजवळ आवाजाचा मीटर दाखवतोय ११० डेसिबल, म्हणून साहेबांनी ११० तनं ३३ वजा केले, ७७ आले, झालं म्हणाले. असं होत नाही ओ! तो आकडा लॅबमधला, तिथं प्लग नीट बसवून मोजतात. अमेरिकेतली नायॉश म्हणून सरकारी संस्था आहे, तिनं १९९८ मध्ये सांगितलं होतं की फोमच्या प्लगचा आकडा अर्धाच धरा, वर मीटर डीबीए वर (म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येतं त्या मापावर) असला तर आणखी ७ कमी करा. म्हणजे राहिले साडेनऊ. कानात जातात १०० च्या वर, आणि त्यांच्याच हिशोबानं १०० ला दिवसाचा वेळ फक्त १५ मिनिटं. आपल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९७५ च्या परिपत्रकात सुद्धा ८५ ला इशारा आणि ९० ला धोका असंच आहे.

म्हणून मी पाकीट बाजूला ठेवून माणसं बघायला लागलो. मशीन चालू असताना प्लग घालून वरनं दोन्ही हातांनी कान झाकायचे, आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेलाच नाही. बऱ्याच जणांचे नुसते कानाच्या तोंडाशी अडकलेले. बारीक वळून, दुसऱ्या हातानं डोक्यावरनं कान वर ओढून आत घालायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरायचा, हे त्यांना कुणी कधी दाखवलंच नव्हतं, नुसतं पाकीट देऊन सही घेतलेली.

आणि काढून ठेवणं, ते तर सगळ्यात वाईट. आठ तासांतले चार तास प्लग खिशात राहिला तर तो ३० डेसिबलचा असला तरी फायदा जेमतेम ३ चा. विजापूरकडचा एक पोरगा सारखा काढायचा, मी रागावलो तर म्हणाला, "अण्णा, डंपर रिव्हर्स येतोय ते ऐकू येत नाही, मरायचं काय मी?" त्याचं बरोबरच आहे की. कान वाचवायला जीव कोण घालवंल? आता डंपरच्या बाजूला झेंडा घेऊन एक माणूस उभा करा म्हणून मागं लागलोय, आणि ड्रिलजवळ प्लगवर मफ, म्हणजे हेडफोनसारखं कान झाकायचं, पण द्यायला पाहिजे.

उद्या शिफ्टच्या आधी हात धुवायला पाण्याची बादली आणि साबण ठेवणार आहे, धुळीच्या हातानं फोम वळला की कान खाजतात, मग प्लग परत खिशात.