आमची वाटचाल : 'सर्व प्रकारची कामे' ते फक्त ब्रेक

गॅरेजचा पहिला बोर्ड मीच रंगवला. त्यावर लिहिलं, 'सर्व प्रकारची कामे'. येत नव्हती सगळी, पण बोर्डावर खरं कोण लिहितं? उद्यमबागेतल्या एका कारखान्यातली फिटरची नोकरी सुटली होती. रिंग पान्यांचा एक सेट, एक जॅक आणि चाकामागे लावायचे दोन ठोकळे एवढ्या सामानावर पिरनवाडीत पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं.

जागा मात्र नशिबानं बरी लागली. बेळगावची भाजी गोव्याला जाते ती जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून. त्या वेळी ती ओढायला असायच्या जुन्या टाटा 407. गाडी बाजारात आली 1986 साली, पण आमच्या दारात यायची ती तिसऱ्या मालकाच्या हातात गेल्यावर. तक्रार एकच, "मिस्त्री, पॅडलला दोन पंप मारल्याशिवाय ब्रेक लागत नाही."

मोठ्या ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, त्याला हवा कमी पडली की गाडी जागची हलत नाही. 407 चं उलटं. तिचा ब्रेक तेलावर, आणि पायपात हवा शिरली की घात. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. ड्रायव्हरचा सगळा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात जातो, चाकापर्यंत पोचतच नाही.

एक ड्रायव्हर मामा घाटातल्या ठरावीक वळणावर नारळ फोडायचे. तिथं पॅडल पार खाली जातं, खाली गोव्यातल्या साखळी गावात पोचलं की ब्रेक परत चांगला, म्हणजे जागाच वाईट! मी तेल बाटलीत काढलं तर चहासारखं काळपट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, आणि कणकुंबीचा पाऊस काय असतो ते तिकडून गेलेल्याला सांगायला नको. डॉट 3 दर्जाचं कोरं ब्रेक ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेलं 140 च्या आसपासच उकळू शकतं. उतारावर चाकांतले ब्रेकचे ड्रम तापले की तेलाची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दाबली जाते. थंड झाल्यावर तिचं परत तेल, त्यामुळं गॅरेजात दोष सापडत नाही. मामांना म्हटलं, नारळ फोडा, पण तेलही बदला. दोन्ही करायला लागले.

एअर काढायचं काम एकट्याचं नव्हे. एक पॅडलवर, एक गाडीखाली. माझ्याकडे बैलहोंगलकडचा पोरगा होता, मराठी जेमतेम. आधी ड्रमला आतून घासणारे शू अ‍ॅडजस्ट केले, मग पॅडल दाबलं की तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक धरलं. निपलला, म्हणजे चाकाकडच्या हवा सोडायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. मी निपल सैल केला आणि ओरडलो, "सोडलो!" त्यानं ऐकलं 'सोड', आणि पाय उचलला. उघड्या निपलच्या आट्यांतून हवा आत! तीन चाकांपर्यंत हेच चाललं होतं आणि मी मास्टर सिलिंडरला शिव्या घालत होतो. गाडी रात्री दीडला सुटली. मजुरी मागायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शब्द ठरवले, त्याच्या भाषेतले. 'ओत्तु' म्हणजे तीन-चार वेळा दाब. 'हिडी' म्हणजे दाबून धर. मग मी निपल उघडायचा, बुडबुडे येऊ द्यायचे, पॅडल तळाला टेकलं की बंद करायचा आणि मगच 'बिडु', म्हणजे सोड. मध्ये मध्ये ब्रेकच्या टाकीतलं तेल बघायचं. ती रिकामी झाली की केलेलं सगळं पाण्यात. कन्नडमध्ये हवेला 'गाळी' म्हणतात, त्यावरून मी हळूहळू गाळी मिस्त्री झालो.

बाकी कामं एकेक करून सोडली. इंजिनाचं काम माझ्या हाताला कधी बसलंच नाही. ब्रेकच्या टाकीत कुणीतरी स्टिअरिंगचं तेल ओतलेली एक गाडी आली होती. सगळी रबरं फुगलेली, चारही चाकं जाम. सगळी किट बदलल्या, पाइप धुतले, दोन दिवस गेले. 'तेलच तर आहे' म्हणणारा माणूस दिसला की अजून डोकं फिरतं.

1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हा बोर्ड नव्यानं रंगवला. वर कन्नड, खाली मराठी. पेंटरनं विचारलं, कामं कोणती लिहू? म्हटलं, फक्त ब्रेक.

आता नव्या गाड्यांत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलंय, काहींची एअर काढायला स्कॅनर जोडावा लागतो. ते मशीन तो पोरगा चालवतो. पोरगा कसला, निम्म्याचा भागीदार आहे. माझा गुडघा गेल्यापासून गाडीखाली तोच असतो आणि पॅडलवर मी. खालून "हिडी" आलं की दाबून धरतो, आणि "बिडु" ऐकल्याशिवाय पाय उचलत नाही.