सेसेन्ता की सेतेन्ता?

स्पेनमधल्या ग्रानादात तीन दिवस होते. अल्हांब्राचा राजवाडा पाहिला, डोळे निवले, फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच असतील. मला बोलायचंय ते बॅगेच्या चाकाबद्दल.

अल्बायसीन या तिथल्या जुन्या वस्तीच्या दगडगोट्यांच्या चढावर चाक निखळलं. (तिथे चाकाची बॅग नेऊ नका असं सगळे सांगतात. मीही वाचलं होतं.) खालच्या गल्लीत बूट दुरुस्त करणारे एक आजोबा भेटले. ‘मान्याना,’ म्हणाले, उद्या. आणि फोन नंबर मागितला: ‘मे दा सू नूमेरो?’

सहा महिने ॲपवर घोटलेलं स्पॅनिश अखेर कामी येणार! ‘नुएवे, उनो...’ मी खणखणीत सुरुवात केली.

‘आ, माद्रिद!’ आजोबा खूश. आपला ९१ हा तिकडे माद्रिदच्या लँडलाइनचा आकडा. मी ‘नो, नो, इंदिया’ म्हणत पुढे गेले. त्यांचे नंबर नऊ आकडी. नऊ झाले तसं त्यांनी पेन ठेवलं, माझे अजून तीन बाकी होते.

मग तेच म्हणाले, तू फोन कर. आणि सुटले. पहिले तीन आकडे एकदम, ‘सेइसिएन्तोस’ म्हणजे सहाशे अमुक, पुढे जोड्या. मी एकेका आकड्याची वाट बघतेय आणि इथे साठ कुठलं, सत्तर कुठलं! सेसेन्ता, सेतेन्ता. आमची आजी ‘अठ्ठ्याण्णव बावीस, त्रेसष्ट’ असा नंबर सांगायची आणि मी चिडायचे, इंग्लिशमध्ये सांग ना गं. तरी यांचं त्रेसष्ट सरळ, साठ नि तीन. २०१९ ला दुसरीच्या गणितात त्रेसष्टऐवजी ‘साठ तीन’ आलं तेव्हा मी फॅमिली ग्रुपवर तावातावाने विरोधात भांडले होते.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. ‘दीगामे!’ बाईचा आवाज. मी चाकाची सगळी कहाणी ऐकवली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतली, मग हळूच सांगितलं, राँग नंबर.

धावत गेले तर दुकान बंद, दोन ते पाच. सेव्हियाची बस चारची. गेली ती. पायरीवर बसून राहिले आणि त्या सिएस्ताला, म्हणजे दुपारच्या वामकुक्षीला, मनसोक्त शिव्या घातल्या, मराठीत.

पाचला आजोबा आले. बॅग तयार, एक चाक काळं, एक निळं. आठ युरो. मुठीला पुठ्ठ्याचं लेबल बांधलेलं: वर ‘माद्रिद’ खोडलेलं, खाली ‘इंदिया’. नंबर नाहीच.