हवालदार ते ऑनररी नायब सुभेदार: कागदावरची रँक दुरुस्त करून घेतानाचा माझा अनुभव

मी १९८८ ला भरती झालो आणि २६ वर्षं इन्फंट्रीत काढून २०१४ ला हवालदार रँकवर पेन्शन आलो. २४ वर्षं आणि स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे सर्व्हिस वाढवायच्या निवडीत, पास झालं तर वरची २, हवालदाराची सर्व्हिस एवढीच असते. घरी आल्यावर पुढच्या २६ जानेवारीच्या यादीत माझं नाव आलं, ऑनररी नायब सुभेदार, म्हणजे हवालदाराच्या वरची मानाची रँक. पलटणीतून फोन आला, नंतर रेकॉर्ड ऑफिसचं (जवानांच्या सर्व्हिसचे कागद ठेवणारं ऑफिस) पत्र आलं, आईने ते पत्र देवापुढे ठेवलं, घरात पेढे वाटले. पण डिस्चार्ज बुक (सर्व्हिस संपताना मिळतं ते), ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं) कार्ड, पेन्शनचे कागद, सगळीकडे मी हवालदारच राहिलो. ते बदलून घ्यायला काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहितोय, कारण आमच्या सातारा भागात अशी केस असलेले कितीतरी फौजी आहेत आणि बरेच जण कंटाळून सोडून देतात.

आधी हे होतं कसं ते सांगतो. ऑनररी रँक वर्षातून दोनदाच निघते, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला, आणि हवालदाराला ती पेन्शन जाताना म्हणून मिळते. डिस्चार्ज बुक मात्र घरी यायच्या आधीच बनलेलं असतं. म्हणजे ते बनलं त्या दिवशी त्यात लिहिलेलं हवालदार बरोबरच असतं, रँक नंतर येते. मग त्या रँकची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या रेकॉर्डमधल्या बदलाची अधिकृत ऑर्डर, निघायला पाहिजे, ती शीट रोलला (सर्व्हिसच्या मूळ रेकॉर्डला) चढायला पाहिजे, त्यावरून डिस्चार्ज बुकात नोंद आणि पीपीओचं, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरचं, कॉरिजेंडम (दुरुस्तीपत्र). ही साखळी बऱ्याच जणांची आपोआप पूर्ण होते. माझी मधेच तुटली होती, अभिनंदनाचं पत्र आलं पण पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही, आणि हे मला कळायलाच बरीच वर्षं गेली कारण सुरुवातीला विचारलं की उत्तर एकच, प्रोसेसमध्ये आहे.

नंतर एकदा फोनवर क्लार्क मला म्हणाला की तुम्हाला एमएसीपी मिळालेला आहे, पैसे नायब सुभेदाराच्या ग्रेडचेच घेताय, मग रँक बदलून काय फरक पडणार. हे मला फार लागलं. एमएसीपी म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जवानाला ८, १६ आणि २४ वर्षांवर पगाराची पायरी मिळते, प्रमोशन झालेलं नसलं तरी. शिपायाचा नाईक आणि नाईकचा हवालदार झालेल्या माणसाला २४ वर्षांवर तिसरी पायरी मिळाली की पगार नायब सुभेदाराच्या ग्रेडचा होतो, पण रँक हवालदारच राहते. ती पगाराची गोष्ट झाली. ऑनररी रँक वेगळी, तिची पलटणीतून शिफारस जाते, त्यासाठी रेकॉर्ड साफ असावं लागतं, रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, असली की अडतं, आणि नाव भारताच्या राजपत्रात छापून येतं. २६ वर्षांत मी एकही रेड इंक एंट्री लागू दिली नाही, ग्लेशियरवरसुद्धा जाऊन आलो, आणि त्या सगळ्याचं सरकारने एका ओळीत लिहून दिलेलं होतं. ती ओळ माझ्या बुकात नको? पैसे तेवढेच आहेत हे खरं असेल, पण मी पैशासाठी मागतच नव्हतो.

आणि पैशाचा नाही तरी फरक पडतोच. ईसीएचएसमध्ये हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड असतो आणि नायब सुभेदारापासून पुढे जेसीओला (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरला) सेमी प्रायव्हेट, त्यात ऑनररी नायब सुभेदार आणि एमएसीपी नायब सुभेदारपण धरलेले आहेत. माझ्या मिसेसचं ऑपरेशन झालं तेव्हा कार्डावर हवालदार म्हणून तिला जनरल वॉर्डात ठेवलं. मी पत्र दाखवलं, काउंटरवरचा मुलगा चांगला होता, त्याने नीट वाचलं पण म्हणाला काका कार्डावर जे आहे तेच आम्हाला चालतं. त्याचं बरोबर होतं. त्या दिवशी ठरवलं की आता हे पूर्ण करूनच सोडायचं.

आधी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला विचारलं, ते म्हणाले डिस्चार्ज बुक किंवा पीपीओमध्ये रँक दाखवा, कार्ड बदलून देतो. पेन्शन तोपर्यंत बँकेकडून स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन सिस्टीमवर, गेलेली होती, तिथे लॉगिन करून बघितलं तर प्रोफाइलला रँक हवालदार. पुतण्याने तक्रार टाकून दिली, उत्तर आलं की आपल्या रेकॉर्ड ऑफिसशी संपर्क करा. म्हणजे प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो, आणि त्यात कुणाची चूकपण नाही, कारण खालचा कागद वरच्या कागदावरूनच बनतो. विहिरीतच पाणी नसेल तर मोटर कितीही वेळा चालू करा, पाटाला पाणी येणार नाही, तसलंच हे.

हे मला नीट समजावलं ते आमच्या पलटणीचे रिटायर्ड हेड क्लार्क साहेबांनी. ते म्हणाले, हवालदार साहेब, तुम्ही स्पर्श आणि ईसीएचएस सोडा, आधी तुमची पार्ट टू ऑर्डर निघाली का ते लेखी विचारा, आणि राजपत्राचं पान हातात घ्या. पत्र हरवतं, पत्रावर शंका घेतात, राजपत्रावर कुणी घेत नाही. पेन्शनच्या रँकमध्ये बदल प्रयागराजचं पीसीडीए पेन्शन ऑफिस करतं, पण ते तुमच्या अर्जावर करत नाही, रेकॉर्ड ऑफिसने पाठवलं तरच करतं.

राजपत्र शोधणं हे सगळ्यात किचकट काम निघालं. संरक्षण मंत्रालयाच्या नेमणुका, बढत्या वगैरे राजपत्राच्या भाग १ विभाग ४ मध्ये येतात आणि ई-गॅझेटच्या साइटवर जुने अंक मिळतात. पण प्रजासत्ताक दिनाची यादी म्हणून त्या तारखेलाच छापलेली मिळेल असं नाही, पुढच्या महिन्यांचे अंकपण बघावे लागतात, आणि पानं स्कॅन केलेली असल्यामुळे नाव टाकून सर्च केलं तर काही सापडत नाही. पुतण्या आणि मी रात्री जेवण झाल्यावर एकेक पान वाचत बसायचो. एक सांगतो, नावाने शोधू नका, आर्मी नंबरने शोधा, कारण शिंदे, जाधव, पवार, कदम ही नावं आमच्या रेजिमेंटच्या यादीत पानोपानी असतात आणि स्पेलिंगपण वेगवेगळं. माझंच नाव राजपत्रात एका अक्षराने वेगळं आहे, नंबरमुळे सापडलं. पुतण्या ओरडला, तात्या हे बघा, आणि त्या ओळीवर नंबर, रँक, नाव. मी ते पान मोठं करून किती वेळ बघत होतो. पत्र घरात होतंच, तरी राजपत्रात स्वतःचा नंबर बघणं वेगळंच वाटलं.

त्याच्याबरोबर माहितीचा अधिकारपण टाकला. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि साध्या शब्दात दोनच गोष्टी मागितल्या, माझ्या शीट रोलची प्रत आणि ऑनररी रँकची पार्ट टू ऑर्डर निघाली असेल तर तिचा नंबर, तारीख आणि प्रत. स्वतःचंच रेकॉर्ड मागताना कारण द्यावं लागत नाही आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात भांडण लिहू नका, का केलं नाही, जबाबदार कोण असलं काही विचारू नका, फक्त कागद मागा. उत्तर आलं की अशी पार्ट टू ऑर्डर रेकॉर्डवर उपलब्ध नाही. ऐकायला वाईट वाटतं पण हाच कागद माझ्या सगळ्यात कामाला आला, कारण आता प्रोसेसमध्ये आहे असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

मग अर्ज. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटक साहेबांनी तो बनवायला मदत केली, ते स्वतः सुभेदार होऊन आलेले, त्यांनी माझा चार पानांचा अर्ज फाडून एका पानात बसवला. सीनियर रेकॉर्ड ऑफिसरच्या नावाने, वर आर्मी नंबर, नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर. खाली मागणी तीन ओळीत, ऑनररी रँकची पार्ट टू ऑर्डर काढावी, शीट रोल आणि डिस्चार्ज बुकात नोंद घ्यावी, पीपीओच्या कॉरिजेंडमसाठी प्रयागराजला पाठवावं. सोबत राजपत्राचं पान, आपल्या ओळीवर खूण करून, रेकॉर्डचं जुनं पत्र, माहिती अधिकाराचं उत्तर, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या झेरॉक्स. कार्यालयाने त्यांचं कव्हरिंग लेटर लावलं, त्याने फरक पडतो. नावाच्या एका अक्षराच्या फरकावर ऑब्जेक्शन येणार हे साहेबांना आधीच माहीत होतं, म्हणून नंबर एकच आहे आणि माणूस एकच आहे असं अॅफिडेव्हिट पहिल्यांदाच जोडलं.

अजून एक, रँक लिहिताना कधीही नुसतं नायब सुभेदार लिहू नका. आपण एक्स हवालदार, ऑनररी नायब सुभेदार असंच लिहायचं. ज्याने जेसीओ म्हणून सर्व्हिस केली त्याची रँक वेगळी, आपली वेगळी, दोन्हीला मान आहे पण कागदावर गल्लत केली तर अर्ज परत येतो, आणि आलाच पाहिजे.

मधे काही महिने काहीच झालं नाही. मग ओरिजिनल डिस्चार्ज बुक पाठवा असं पत्र आलं. ते बुक हातातून सोडायला जीव होत नव्हता, प्रत्येक पानाचे फोटो काढले, झेरॉक्स अटेस्टेड करून घेतल्या आणि मगच स्पीड पोस्ट केलं. बुक नवीन बनवून देत नाहीत, जुन्यातच दुरुस्ती होते. परत आलं तेव्हा रँकच्या पानावर नोंद होती, पार्ट टू ऑर्डरचा नंबर, राजपत्राचा संदर्भ, ऑफिसरची सही आणि गोल शिक्का. मी आईला वाचून दाखवलं, तिला अक्षर कळत नाही, तिने शिक्क्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली आता झालं का सगळं. स्पर्शवर रँक बदलून कॉरिजेंडम यायला त्यानंतरही वेळ लागला, पण तिथे मला काही करावं लागलं नाही, तिकडून आपोआप झालं.

हे लिहायचं खरं कारण आमच्या वाडीतल्या एक वहिनी आहेत. त्यांचे मालक पण हवालदार, त्यांनाही ऑनररी मिळालेली, आणि कागदावर चढायच्या आधीच ते वारले. आता पत्र घरात सापडत नाही, पलटणीतलं कुणी ओळखीचं नाही, आणि त्या माउलीला पार्ट टू ऑर्डर हा शब्दसुद्धा कधी कुणी सांगितलेला नाही. फॅमिली पेन्शनचे कागद नवऱ्याच्या रँकवरच बनतात, वॉर्डपण त्याच रँकवर मिळतो. त्यांच्यासाठी आता आम्ही राजपत्र शोधतोय, नंबर त्यांच्याकडच्या जुन्या मनीऑर्डरच्या पावतीवर मिळाला. म्हणून जे हयात आहेत त्यांना कळकळीने सांगतो, आज घरी जाऊन डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि स्पर्शचं प्रोफाइल तिन्ही शेजारी ठेवून रँक, नावाचं स्पेलिंग, बायकोचं नाव आणि जन्मतारीख जुळवून बघा, आणि कागद कुठे ठेवलेत ते बायकोला दाखवून ठेवा.

ज्यांना आपलं रेकॉर्ड ऑफिस कुठे ते आठवत नाही त्यांच्यासाठी, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आणि महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. आणि सगळं करूनही लेखी नकार आला तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं मुंबईला बेंच आहे, मला तिथपर्यंत जावं लागलं नाही, पण नकार लेखी घ्या, तोंडी नकारावर काही करता येत नाही.

ईसीएचएसचं कार्ड नवीन रँकने आलंय, मिसेसच्या कार्डावरपण. कॅन्टीन कार्डाचा अर्ज दिलाय, त्याला बुकाच्या दुरुस्त पानाची आणि कॉरिजेंडमची झेरॉक्स लागते, दोन्ही सेल्फ अटेस्टेड.