फाईल 2.2.1 मध्ये आहे सर

कॉलेज-विद्यापीठांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या टीमची व्हिजिट होऊन चार महिने झाले, ग्रेड आली, गेटवर बॅनर लागला आणि पावसात फाटलापण. मला मात्र त्या सगळ्यातले दहा सेकंदच आठवत राहतात, म्हणून लिहून काढतेय.

मी विद्यापीठात आयक्यूएसीचं, म्हणजे गुणवत्ता बघणाऱ्या अंतर्गत कक्षाचं काम बघते. बाहेरच्यांना वाटतं नॅक म्हणजे भिंती रंगवायच्या, कुंड्या आणायच्या आणि पाहुण्यांना फिरवायचं. पण 2017 ला आलेल्या ज्या पद्धतीत आमची व्हिजिट झाली, तिच्यात टीम गेटवर पोचेपर्यंत साधारण 70 टक्के मार्क ठरलेलेच असतात. आकड्यांची सगळी माहिती आधी एसएसआरमध्ये, म्हणजे विद्यापीठाने स्वतःबद्दल द्यायच्या अहवालात, ऑनलाइन भरायची, मग डीव्हीव्हीवाले, म्हणजे ती माहिती पडताळणारे, पुरावे मागणार, याची सही कुठंय, त्याची तारीख का जुळत नाही, पत्र मराठीत आहे तर इंग्रजी भाषांतर करून त्यावर सही-शिक्का मारून पाठवा. टीम येऊन बघते ते उरलेलं 30 टक्के, म्हणजे जे आकड्यात मावत नाही ते. त्यासाठी शिक्षकांना तयार करायचं काम माझ्याकडे. पीडीएफ दाबून दाबून 5 एमबीत बसवता येते, प्रोफेसर नाही बसवता येत.

सुरुवातीचे दोन महिने तर सीओ-पीओ मॅपिंगमध्येच गेले. म्हणजे प्रत्येक विषय शिकून मुलाला नेमकं काय यायला हवं ते लिहायचं, आणि पूर्ण पदवीच्या उद्दिष्टांशी ते किती जुळतं त्याला 1, 2 किंवा 3 द्यायचे. पहिल्या फेरीत निम्म्या विभागांनी सगळ्या रकान्यांत 3 भरून पाठवले. विचारलं तर म्हणे, मॅडम आमचा विषय सगळ्याशीच संबंधित आहे. एका विभागाच्या फाईलवर वर हेडरला दुसऱ्याच विभागाचं नाव तसंच राहिलेलं! मी एकेका विभागात जाऊन बसले, 'समजेल' हे क्रियापद चालणार नाही, समजलंय हे कसं मोजणार, 'सिद्ध करेल', 'तुलना करेल' असं लिहा, असं शंभर वेळा सांगितलं. शेवटी जे मॅपिंग झालं ते मला आजही अभिमानाने दाखवता येईल, रिकामे रकाने आणि 1 असलेले रकाने त्यात भरपूर आहेत.

आणि हे काम केलं कोणी? बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या पोरापोरींनी. पूर्णवेळ शिक्षक म्हणून त्यांना कुठेच मोजता येत नाही, पण शिक्षकांच्या फायली रात्री नऊपर्यंत बसून तेच बनवत होते. कायम नोकरीतले काही लोक 'मला एक्सेल जमत नाही' हे असं सांगतात जणू ते एखादं व्रत आहे. असो.

व्हिजिटच्या आधी तीन आठवडे मॉक, म्हणजे व्हिजिटची रंगीत तालीम ठेवली. दुसऱ्या विद्यापीठातून रिटायर झालेले एक सर बोलावले, ते स्वतः नॅकच्या पिअर टीममधून, म्हणजे तपासायला येणाऱ्या प्राध्यापकांच्या टीममधून बऱ्याच ठिकाणी जाऊन आलेले, त्यामुळे प्रश्न कुठून येतात ते त्यांना माहीत. पहिल्याच विभागात त्यांनी व्हिजन-मिशन विचारलं आणि विभागप्रमुखांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बघून वाचून दाखवलं, फ्रेमवर ऊन पडत होतं म्हणून मान तिरकी करून. दुसरीकडे मेंटर-मेंटीचं, म्हणजे शिक्षक आणि त्याने मार्गदर्शन करायच्या मुलांचं रजिस्टर निघालं, तीस मुलांच्या सह्या एकाच पेनाच्या आणि जवळपास एकाच हाताच्या. मी वहीत टिपतेय आणि डोकं तापतंय.

मग गणित विभाग. तिथले एक सर आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाहीत. मॉकच्या सरांनी त्यांना विचारलं, स्लो लर्नर कसे ओळखता, त्यांच्यासाठी काय करता? हा मेट्रिक 2.2.1, म्हणजे मुलांची पातळी ओळखून पुढच्यांसाठी आणि मागे पडणाऱ्यांसाठी विद्यापीठ काय वेगळं करतं. गणिताच्या सरांनी काही न बोलता शर्टाच्या खिशातून एक छोटी डायरी काढून पुढे केली.

मी मागून वाकून बघितली. रोल नंबर आणि पुढे एकेक ओळ. '14 - एप्सिलॉन आधी की डेल्टा आधी, गोंधळ. 22 - जे सिद्ध करायचंय तेच धरून चालतो. 31 - सर्वांसाठी आणि निदान एक यातला फरक कळत नाही, रविवारी ये म्हटलंय. 9 - बरोबर असतं पण फळ्यावर लिहायला घाबरते.' काही ओळींवर काट मारलेली, म्हणजे ती अडचण सुटली. पानामागून पानं. मॉकचे सर बराच वेळ चाळत राहिले, मग 'छान' म्हणून परत दिली आणि पुढे गेले. इतक्या वर्षांत 2.2.1 चं उत्तर म्हणून मी इतकं खरं काही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी मी गणिताच्या सरांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, सर, डायरी टीमसमोर काढू नका.

माझी कारणं होती, आणि ती आजही मला चुकीची वाटत नाहीत हाच तर त्रास आहे. एसएसआरमध्ये आपण लिहिलंय की मागे पडणाऱ्यांचे रेमिडियल क्लास टाइमटेबलप्रमाणे दर शनिवारी होतात. एसएसआर सबमिट झालेला, आता एक शब्द हलत नाही. डायरीत सगळं रविवारी, सरांच्या घरी. तारखा नाहीत, हजेरी नाही, साल कुठलं ते नाही. एखाद्या मेंबरने विचारलं की मग शनिवारचे क्लास कुठं आहेत, तर एका विभागाचं उत्तर सगळ्या विद्यापीठाच्या गळ्यात. शिवाय एका पानावर एका मुलाच्या घरची अडचण लिहिलेली, ती परक्या माणसाने का वाचावी? सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग विचारलं तर काय सांगू? मी म्हटलं, फाईल 2.2.1 मध्ये सगळं आहे असं सांगा, फाईल टेबलवर असेल. तो शनिवार एसएसआरमध्ये कुठून आला म्हणाल तर विभागातल्या तासिका तत्त्वावरच्या मुलीने फॉरमॅटमध्ये भरला होता आणि मी तो तपासून पुढे पाठवला होता. तपासून म्हणजे स्पेलिंग.

व्हिजिटच्या दुसऱ्या दिवशी टीम गणितात आली. प्रेझेंटेशन वेळेत झालं, मॅपिंगवर एका मेंबरने दोन खोचक प्रश्न विचारले आणि विभागाने नीट उत्तरं दिली, मला अगदी बरं वाटलं. मग चेअरपर्सननी समोरची फाईल उचलली, न उघडताच बाजूला सरकवली, आणि गणिताच्या सरांकडे वळून म्हणाले, फाईल राहू द्या, तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याबद्दल सांगा, कुठं अडला होता आणि तुम्ही काय केलंत.

सरांचा हात खिशाकडे गेला. खिशावर थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस-पस्तीस वर्षं शिकवलेला माणूस, वर्गात आजवर कोणाला विचारून बोलला नसेल, आणि माझ्याकडे परवानगीसाठी बघतोय. मी भिंतीला टेकून उभी होते, मान हलवता आली असती, 'सांगा ना सर' म्हणता आलं असतं. मी काहीच केलं नाही. हात खाली आला आणि सर म्हणाले, "फाईल 2.2.1 मध्ये आहे सर."

चेअरपर्सननी हसून मान डोलावली आणि सगळे लायब्ररीकडे निघाले.

जाताना जिन्यात मी सरांना म्हटलं, सर, तेव्हा तोंडी सांगितलं असतंत तरी चाललं असतं. ते म्हणाले, मॅडम, तुम्हीच तर म्हणाला होतात. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ग्रेडचं म्हणाल तर या एका उत्तराने काही फरक पडला नसावा, 1000 गुणांच्या हिशेबात हे कुठं दिसणार. ज्यांच्या रजिस्टरमध्ये एका हाताच्या सह्या होत्या त्यांच्याकडे टीम गेलीच नाही, आणि ते लोक एक्झिट मीटिंगला सगळ्यात पुढे बसले होते.

मागच्या आठवड्यात एक्यूएआरसाठी, म्हणजे नॅकच्या वार्षिक अहवालासाठी माहिती मागवली, ती दर वर्षी द्यावीच लागते. गणिताची रेमिडियल फाईल सगळ्यांच्या आधी आली, मुदतीच्या चार दिवस आधी. टाइप केलेली, तारखा शनिवारच्या, हजेरी आहे, फोटो जिओटॅग केलेले. सत्तावीस नावं. शेवटचा रकाना शेरा, त्यात सत्तावीस वेळा 'सुधारणा आहे'.

रविवारी मुलं अजून घरी येतात का, ते विचारायचं होतं. मी रिप्लायमध्ये लिहिलं, रिसीव्ड, थँक यू सर.