तीन की आठ?

कॅनडातल्या विनिपेगमध्ये दिवसा मी एका विमा कंपनीत हिशेब बघतो. जून ते नोव्हेंबर, घरच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असेल त्या संध्याकाळी मात्र विद्यापीठाजवळच्या स्टेडियममध्ये प्रेस बॉक्सच्या काचेमागे दुर्बीण लावून बसतो. काम एकच. प्रत्येक चालीनंतर कुणी काय केलं ते मोठ्यानं सांगायचं. शेजारी एक निवृत्त शिक्षिका असतात, त्या ते संगणकात भरतात. "पंट, 46 यार्ड. रिटर्न सहा. टॅकल अमुक नंबर." रिटर्न म्हणजे चेंडू घेणारा किती पळाला, टॅकल म्हणजे त्याला पकडून कुणी पाडलं. पुढची चाल सुरू व्हायच्या आत हे सगळं सांगून व्हायला हवं. मिरजेला मंडळाच्या कबड्डी सामन्यांत मी गुणलेखक असायचो. बायको म्हणते, एवढं लांब येऊन तेच करतोयस, फक्त कोट जाड घालून.

गावाकडून फोनवर हमखास विचारतात, कॅनडाचं फुटबॉल म्हणजे अमेरिकेचंच ना? भाऊभाऊ म्हणा. मैदान इथलं मोठं, 110 यार्ड लांब आणि 65 रुंद. खेळाडू अकराऐवजी बारा. आणि दहा यार्ड पुढे सरकायला संधी चार नाहीत, तीनच. माझं काम वाढतं ते या शेवटच्या फरकामुळे. दोन संधी वाया गेल्या की तिसरीला बहुतेक वेळा चेंडू लाथेनं लांब उडवून देतात, तो पंट. पंट म्हटलं की नेहमीची मंडळी बाहेर येतात आणि स्पेशल टीम्सवाले आत जातात.

ही जमातच वेगळी. यादीत कुणाच्या नावापुढे फुलबॅक लिहिलेलं असतं, कुणाच्या लाइनबॅकर, पण त्या जागेवर त्यांना क्वचितच उभं करतात. यांची नोकरी किक उडाली की सुरू होते. चाळीस-पन्नास यार्ड जीव खाऊन धावायचं, आडवे येणाऱ्यांना झुकांडी द्यायची आणि चेंडू घेणाऱ्यापाशी पोचलं की पाच यार्डांवर थबकायचं. त्यानं चेंडूला हात लावेपर्यंत त्या वर्तुळात शिरलं तर दंड. अमेरिकेत चेंडू घेणारा हात हलवून 'मला धरू नका' अशी सूट मागू शकतो, इथे ती सोय नाही. चेंडू हाताला लागला रे लागला की दोन-तीन जण त्याच्यावर तुटून पडतात, आणि त्या ढिगात पकड कुणाची हे वरून मी ठरवतो.

एवढ्या धावपळीचा हिशेब एका रकान्यात मावतो. स्पेशल टीम्सचे टॅकल बचावफळीच्या टॅकलपासून वेगळे मोजतात. जेसन अराकगीचा अख्ख्या कारकिर्दीतल्या 190 चा विक्रम 2021 मध्ये माइक मिलरनं मोडला. मिलर तेव्हा विनिपेगकडूनच खेळायचा. बाकीच्यांचं वर्षाकाठी दहा-पंधरावर भागतं. त्यातला एक माझ्या हातून चुकला तर केवढ्याला पडत असेल, याचा मी त्या रात्रीपर्यंत कधी विचार केला नव्हता.

सप्टेंबरातला पाऊस होता आणि काच आतून धुरकटलेली. चौथ्या क्वार्टरमध्ये पंट उडाला. चेंडू घेणारा कडेला पळाला आणि सहा यार्डांवर आडवा झाला. त्याच्यावर दोघं. दोघांच्या पाठीवर पहिला आकडा सारखा, दुसरा एकाचा तीन, एकाचा आठ. त्यात पाठी चिखलानं माखलेल्या. वर होता तो उठून छाती बडवायला लागला. मी म्हटलं, "आठ." बाईंनी आठ भरला. ध्वनिक्षेपकावरून आठचं नाव घुमलं. तीनवाला खालून सावकाश उठला, मनगट झटकलं आणि बाकाकडे गेला. मी तेव्हाच समजायला हवं होतं. मिरजेत ज्याची पकड असायची तो सगळ्यात शेवटी उठायचा, कारण सगळ्यांच्या खाली तोच सापडलेला असायचा.

सामना संपल्यावर छापलेले आकडे ड्रेसिंग रूमपर्यंत पोचवायचे असतात. ते काम करणारा पोरगा आला नव्हता, म्हणून मीच गेलो. दाराजवळच तीनवाला बसला होता, गुडघ्याला बर्फ बांधून. (कुठल्या संघाचा ते सांगत नाही, लोक लगेच हुडकून काढतील.) तिशी ओलांडलेली, दाढीत पांढरे केस. त्यानं कागद घेतला, धावांचे, झेलांचे सगळे तक्ते ओलांडून थेट तळाशी गेला आणि म्हणाला, "शेवटचा पंट माझा होता."

मी म्हटलं, वरून आठ दिसला.

"वरून तो दिसणारच, तो माझ्यावर पडला होता." मग आवाज न चढवता म्हणाला, "हे बघ, फेब्रुवारीत माझा करार संपतो. टचडाउन माझ्याकडे एक नाही. मॅनेजरसमोर ठेवायला हा एवढाच रकाना आहे."

खेळाडू असं कुणाला बोलून दाखवत नाहीत. मला वाटलं होतं, 'जाऊ दे, संघ जिंकला ना' म्हणेल. तो म्हणाला नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो त्यामुळेच आवडला.

वर येऊन बाईंना थांबवून घेतलं. चित्रीकरण नऊ वेळा पाहिलं. शेवटी एका कोनातून दिसलं : चेंडूवाल्याचा घोटा तीनच्या मुठीत, आणि आठ अजून वीतभर हवेत. दुरुस्ती पाठवली. एवढ्यावर घरी जायचं, तर मला अवदसा आठवली. म्हटलं, त्याच्या नावावरचे बाकीचेही बघून टाकू. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "एकाचे पाहिलेत तर सगळ्यांचे पाहा," म्हणाल्या. शिक्षिकाच त्या.

मग बसलो अकरा वाजेपर्यंत, दोन्ही संघांचे सगळे पंट आणि किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करायच्या किका, घेऊन. बाकी सगळं जागच्या जागी होतं. पण पहिल्या क्वार्टरमधल्या किकऑफवर मी तीनच्या नावावर लिहिलेली पकड निर्विवाद दुसऱ्याची होती. तीन तिथे पोचला तेव्हा गडी केव्हाच जमिनीवर होता. बाई काही बोलल्या नाहीत, कीबोर्डवर बोटं ठेवून वाट पाहत बसल्या. मी नंबर सांगितला. एक वाढला, एक कमी झाला. त्याची बेरीज जिथल्या तिथे.

पुढच्या वेळी तो इथे खेळला तेव्हा कागद पोचवायला मी मुद्दाम स्वतः गेलो. त्या रात्री त्याचे दोन होते आणि दोन्ही धडधडीत त्याचेच. त्यानं तळाचा रकाना पाहिला, मला ओळखलं आणि कागदाची घडी घालत म्हणाला, "शेवटचा पंट बघ म्हटलं होतं तुला. पहिला किकऑफ बघायला कुणी सांगितलं होतं?"