झमझमचा पहिला पेला

मक्केला हज-उमऱ्याच्या यात्रेसाठी निघालेली माणसे गेली सहा वर्षे मला एकच प्रश्न विचारत आली आहेत : झमझम, म्हणजे तिथल्या पवित्र विहिरीचे पाणी, पिताना तुम्ही काय मागितलेत? आणि दर वेळी मी बोलणे उभ्याने प्यावे की बसून, याकडे वळवते.

त्या विषयाचे उत्तर माझ्याजवळ तयार असते. पैगंबर साहेबांनी झमझम उभ्याने प्यायल्याचे त्यांचे सोबती हजरत इब्ने अब्बास यांनी सांगितले आहे, तर एरवी उभ्याने पिण्यास मनाई करणारी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद, सहीह मुस्लिम या संग्रहात आहे. म्हणून काही जण झमझमपुरते उभे राहतात, आणि पैगंबरांना त्या वेळी गर्दीमुळे बसता आले नसेल असे मानणारे बसूनच पितात. किब्ल्याकडे, म्हणजे काबागृहाच्या दिशेला, तोंड करावे, बिस्मिल्लाह म्हणावे, तीन श्वासांत पोटभर प्यावे आणि शेवटी अल्हम्दुलिल्लाह म्हणावे. एवढे सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होते. परंतु या वेळी भाचीने विचारले आहे, "फुफी, अब्बांसाठी मागितलं होतंस ना?"

मी निघाले तेव्हा तिचे वडील, माझे भाईजान, यकृताच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले होते. झमझम ज्या हेतूने प्यावे त्यासाठी ते असते, ही इब्ने माजा या संग्रहातली हदीस घरात सर्वांना पाठ होती. भाभींनी मला दुआ कागदावर लिहून दिली होती : उपयोगी ज्ञान दे, विपुल रोजी दे आणि प्रत्येक आजारातून शिफा दे. शेवटच्या शब्दांखाली त्यांनी रेघ ओढली होती.

मे महिना होता. तवाफच्या, म्हणजे काबागृहाभोवतीच्या, सात फेऱ्या झाल्या, जवळच्या मकामे इब्राहीम या स्थानाच्या मागे गर्दीत जागा शोधून दोन रकात नमाज झाली आणि सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सईच्या फेऱ्यांना जाण्यापूर्वी मी पाण्यापाशी आले, तेव्हा घशाला अशी कोरड पडली होती की गार पाण्याचा पेला भरला आणि रिकामाही केला. बिस्मिल्लाह नाही, दुआ नाही, भाईजानही आठवले नाहीत. मग कागद आठवला. दुसरा पेला भरून, काबागृहाकडे तोंड करून, रेघ ओढलेले शब्द मी तीनदा वाचले.

घरी आल्यावर पाच लिटरच्या कॅनमधले पाणी मी त्यांना चमच्याने पाजले. उठून बसण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. तीन चमचे झाल्यावर त्यांनी विचारले, "काय मागितलंस?" मी म्हणाले, "तुमची शिफा." हे खोटे नव्हते, पण दुसऱ्या पेल्याचे होते. पावसाळा लागण्यापूर्वी ते गेले. मी हे सांगितले तेव्हा घरातल्या एका ज्येष्ठ बाईंनी "पहिला घोट वाया घालवलास" असे म्हटले, आणि त्यानंतर मी कोणालाच सांगितले नाही.

पहिल्याच घोटाला दुआ लागते असे कोठेही सांगितलेले नाही, आणि विसरणे हा गुनाह नाही. ते पाणी मुळात तहानेलाच आले : बीबी हाजरा सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात वेळा धावल्या त्या आपल्या तान्ह्या इस्माईलच्या तहानेसाठी. हे मी स्वतःला अनेकदा ऐकवले आहे, आणि हे तुला नंतर सुचले, असे मनाने तितक्याच वेळा सुनावले आहे. मध्यंतरी 'ज्या हेतूने प्यावे' या हदीसच्या सनदीवर, म्हणजे ती सांगणाऱ्यांच्या साखळीवर, मुहद्दिसांमध्ये, म्हणजे हदीसच्या अभ्यासकांमध्ये, मतभेद आहेत, काही जण तिला हसन (ग्राह्य) मानतात तर काही जईफ (दुबळी), असे वाचले आणि मला हायसे वाटले. दोन दिवसांनी त्याच गोष्टीची लाज वाटली, कारण माझी चूक हलकी करण्यासाठी मी भाईजानांच्या आशेचाच आधार काढून घेत होते. ते गेले यात पेल्याचा काही संबंध नाही, हे मी मानते. तरीही त्यांनी विचारले तेव्हा मी पूर्ण उत्तर का दिले नाही, याचा जबाब मला कोणत्याही किताबात मिळालेला नाही.

भाची गुरुवारी निघते आहे. तवाफची शेवटची फेरी चालू असतानाच नियत मनात बांधून ठेव, असे मी तिला सांगितले आणि भाभींच्या हातचा तो कागदही दिला. "मागितलं होतं" एवढेच मी तिलाही म्हणाले. बाकीचे ती निघण्यापूर्वी येथे वाचेल.