चित्रकार-पेनांचं परीक्षण, फेरी तिसरी: रंगाचा रकाना मोडून पुन्हा बांधला

चित्रकारांच्या सन्मानार्थ काढलेली फाउंटन पेनं आम्ही तिघे परीक्षक तपासतो आहोत. दुसऱ्या फेरीचे गुण या आठवड्यात जाहीर व्हायचे होते, ते थांबवले आहेत. १०० गुणांच्या तक्त्यात ‘रंगाशी इमान’ला, म्हणजे पेनाचे रंग चित्राशी किती जुळतात याला, २५ गुण आहेत. तिथे एकाच पेनाला तिघा परीक्षकांनी ८, १४ आणि २२ गुण दिले. पेन एकच होतं, तिघांच्या हातात पाळीपाळीने गेलेलं. निब, वजन, टोपण, क्लिप या रकान्यांत तिघांचं जवळपास एकमत आहे. म्हणजे नजर कुणाची चुकलेली नाही, रकानाच कच्चा होता.

पेन व्हिस्कोंती या इटालियन कंपनीच्या व्हॅन गॉग मालिकेतलं, ‘रूम इन आर्ल’, म्हणजे व्हॅन गॉगच्या आर्लमधल्या खोलीच्या चित्रावरचं. कागद पुन्हा चाळल्यावर घोळ लगेच सापडला. एकाने पेन खोक्यातल्या छापील चित्राशी ताडलं, दुसऱ्याने ॲमस्टरडॅमच्या मूळ चित्राच्या फोटोशी, तिसऱ्याने शिकागोतल्या चित्राशी. व्हॅन गॉगने ही खोली तीनदा रंगवली. पहिलं चित्र ऑक्टोबर १८८८चं, ते ॲमस्टरडॅमला आहे. सप्टेंबर १८८९मधलं दुसरं शिकागोत आहे आणि आकाराने लहान असलेलं तिसरं पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. तिन्हींतली निळाई वेगळी, जमीन वेगळी. ‘चित्राशी जुळतं का’ असं विचारताना कुठल्या चित्राशी, हे तक्त्यात लिहिलेलंच नव्हतं.

त्याहून अवघड गाठ पुढे आहे. आज निळसर दिसणाऱ्या त्या भिंती रंगवताना फिकट जांभळ्या होत्या. ‘लेक’ जातीचं, उजेडात न टिकणारं लाल रंगद्रव्य उडालं आणि खाली निळा उरला. हा तर्क नाही, भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात व्हॅन गॉगने रंग एकेक करून नोंदवले आहेत: भिंती फिकट जांभळ्या, जमिनीच्या फरशा लाल, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या, चादर-उशा हिरवट लिंबाच्या, पांघरूण भडक लाल, दारं लायलॅक. तीच गत ‘बदामाच्या बहरा’ची. फेब्रुवारी १८९०मध्ये पुतण्याच्या जन्मानिमित्त काढलेल्या त्या चित्रातली फुलं गुलाबी होती, आज ती जवळजवळ पांढरी दिसतात. सूर्यफुलांत उलटं झालंय. तिथला क्रोम यलो उडाला नाही, तो तपकिरीकडे झुकला, कारण त्यातलं सहा-संयुजी क्रोमियम उजेडात तीन-संयुजी होत जातं.

मग पेनाचं रेझिन, म्हणजे ज्या रंगीत प्लास्टिकसारख्या पदार्थाचं पेन घडवतात ते, कशाशी ताडायचं? आधी ठरलं की आजच्या कॅनव्हासशी, कारण घेणाऱ्याच्या डोळ्यांत तेच चित्र असतं. पण हा नियम बदामाच्या बहराला लावून बघितला आणि तिथेच तो अडला. उद्या एखाद्या कारागिराने मूळ गुलाबी रंग अभ्यासून रेझिनमध्ये आणला, तर आमचा तक्ता त्याचेच गुण कापणार. हे अन्यायाचं आहे. म्हणून नियम बदलला: निर्मात्याने संदर्भ सांगितला असेल, तर त्याच संदर्भाशी ताडायचं. सांगितला नसेल, तर आजच्या मूळ कॅनव्हासशी, कुठली आवृत्ती ते कागदावर लिहून. खोक्यातलं छापील चित्र संदर्भ म्हणून बाद. छपाईच्या चार शाईंत गडद अल्ट्रामरीन नीट उतरत नाही, आणि निळ्या पेनांत नेमका तोच रंग मोजायचा असतो.

आता उजेड. एकाने खिडकीशी पेन पाहिलं, एकाने ६५०० केल्व्हिनच्या ट्यूबखाली, एकाने रात्री पिवळ्या बल्बखाली. रेझिनमधलं रंगद्रव्य आणि छापील चित्राची शाई या वेगळ्या वस्तू आहेत. एका दिव्याखाली जुळलेले रंग दुसऱ्या दिव्याखाली फुटतात, यालाच मेटॅमेरिझम म्हणतात. यापुढे सगळ्यांनी एकच मांडणी ठेवायची: ५००० केल्व्हिनचा दिवा (केल्व्हिन म्हणजे उजेडाची पिवळी-निळी छटा मोजायचं एकक), सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, ९५ किंवा वर, खाली मळकट नव्हे तर खरा करडा कागद, दिवा ४५ अंशांतून, नजर सरळ वरून. छपाईच्या धंद्यात रंग तपासायचं आंतरराष्ट्रीय मानकही ५००० केल्व्हिनचंच आहे. घरातले साधे एलईडी बहुधा सीआरआय ८०च्या आसपास असतात आणि त्यांच्याखाली लाल रंग मरतो. दिवा घेताना पाकिटावर आर-९चा, म्हणजे गडद लाल किती खरा दिसतो याचा, आकडा छापलेला असेल तर तोही बघा. स्वस्तातली करडी कार्डं घेऊ नका, त्यांत पिवळी झाक निघते आणि फोटोचा व्हाइट बॅलन्स तिथेच बिघडतो.

एवढ्याने भागत नाही, कारण रंग कुठले आहेत याइतकंच ते किती आहेत हेही मोजावं लागतं. ‘तारांकित रात्री’त अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट निळा आभाळभर, आणि इंडियन यलो व झिंक यलो फक्त चंद्र-ताऱ्यांत. पेनात हा पिवळा निम्म्याने आला तर रंग बरोबर असूनही चित्र चुकतं. मिश्र रेझिनचं प्रत्येक नग वेगळं असल्याने हे नुसत्या नजरेने ठरत नाही. इथे व्हिस्कोंतीच्या बॅरलला, म्हणजे पेनाच्या दांडीला, असलेल्या अठरा पैलूंनी काम सोपं केलं. पेन व्ही-आकाराच्या खाचेत आडवं ठेवा, एक फोटो घ्या, सहा पैलू पुढे फिरवा, दुसरा घ्या, पुन्हा सहा फिरवून तिसरा. बरोबर १२० अंशांचे तीन फोटो, कोनमापकाशिवाय. गोल बॅरलला चिकटपट्टीवर तीन खुणा करून तेच साधतं.

मग जिंप या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये फोटो ‘इंडेक्स्ड’ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच रंगांत, न्यायचा, डिदरिंग (ठिपके मिसळून मधल्या छटा भासवणं) बंद ठेवायचं आणि प्रत्येक रंगाचे पिक्सेल मोजायचे. पहिल्या प्रयत्नात रंगांची संख्या ५ ठेवली आणि फसलो. क्षेत्रफळाने लहान रंग सॉफ्टवेअर गिळून टाकतं, तारे गायबच झाले. १२ रंग ठेवा आणि नंतर जवळजवळचे हाताने एकत्र करून ५ वर आणा. मूळ चित्राच्या फोटोवरही हीच कृती, हेच आकडे.

दुसरी फसगत पैलूंच्या चकाकीची. पैलूवर दिव्याची लांब पांढरी पट्टी उमटते आणि मोजणीत ती ‘पांढरा रंग’ म्हणून शिरते. दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर लावल्यावर ती मऊ होते, पण जात नाही. दिव्यावर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनात पोलरायझर (चकाकी अडवणारे फिल्टर) लावले की जाते, मात्र मोतिया रेझिनची झळाळीही तिच्याबरोबर जाते, कारण त्यातल्या अभ्रकाची चमक हेसुद्धा परावर्तनच आहे. म्हणून प्रत्येक कोनातून दोन फोटो: पोलरायझर लावून घेतलेल्यावर मोजणी, न लावलेल्यावर नजरेचे गुण.

याच पद्धतीने तेच पेन तिघांनी स्वतंत्रपणे पुन्हा तपासलं. गुण आले १५, १६, १७. तीन आठवड्यांच्या खटपटीनंतर हे तीन आकडे बघून फार बरं वाटलं.

निबेबद्दल थोडक्यात. तपासण्याआधी निब सुधारून घ्यावी का, हा मागच्या नोंदीखालचा वाद आता मिटवू: निब खोक्यातून आली तशीच तपासायची, घासायची नाही, फटी रुंदावायच्या नाहीत. फक्त कोमट पाण्यात थेंबभर भांडी धुण्याचा साबण घालून फीड, म्हणजे निबेखालचा शाई पुरवणारा भाग, धुवायचं, कारखान्यातलं तेल गेलं पाहिजे. या फेरीत एका पेनाची रुंद निब पहिला फटकारा चुकवत होती. १० पटीच्या भिंगाखाली कारण स्पष्ट दिसलं. टोकाच्या आतल्या कडा जास्त गोल झालेल्या, त्यामुळे शाई फटीपर्यंत येते पण कागदाला टेकत नाही. शाई बदलून हा दोष झाकला जातो, म्हणून सर्वांना एकच शाई: कॅमलिन रॉयल ब्लू. टोपण लावून पेन २४ तास आडवं ठेवायचं आणि पहिली रेघ विनादाब ओढायची. प्रवाहासाठी ०.०१ ग्रॅमचा काटा, ३० ओळी लिहिण्याआधी आणि नंतर. लोहचुंबकाच्या टोपणांत ही चाचणी जास्त महत्त्वाची, कारण चुंबक टोपण धरून ठेवतो, पण हवा अडवतं ते आतलं अस्तर. भिंगावर ‘३० पट’ लिहिलेलं असेल तर घेऊ नका. तीन काचांचं खरं १० पटीचं भिंग जास्त दाखवतं.

माकी-ए, म्हणजे लाखेवर सोन्याचे कण शिंपडून केलेल्या जपानी नक्षीच्या, पेनांसाठी मात्र रंगाचा हा खटाटोप कमी पडतो. जपानी चित्रकार होकुसाईची लाट, साधारण १८३१ची, अनेकांनी पेनावर आणली आहे. ते मुळात ठोकळ्याचं छापचित्र, म्हणजे सपाट रंग आणि नेमक्या रेघा. पेनावर ताका (उठावाचं) माकी-ए केलं तर लाट उठावात येते. दिसते देखणी, पण छापचित्राचा सपाटपणा हरवतो. तोगिदाशी या दुसऱ्या पद्धतीत वर लाखेचे थर देऊन पृष्ठभाग एकसारखा घासून काढतात, ते होकुसाईच्या जास्त जवळचं. मांडणीचीही अडचण आहे. १३ मिमी जाडीच्या बॅरलचा परीघ ४१ मिमी आणि समोरून एका वेळी दिसणारी रुंदी जेमतेम १३ मिमी. चित्र परिघावर गुंडाळलं तर लाट समोर येते आणि चित्रातला फुजी डोंगर मागे जातो. लाट आणि डोंगर एका नजरेत दिसले नाहीत तर चित्राचा प्राणच गेला. बॅरलच्या लांबीवर आडवं मांडलेलं काम यासाठी वरचढ. भिंगाखाली एकसारखे ठिपके दिसले तर ते स्क्रीन छपाईचं समजा. शिंपडलेल्या सोन्याच्या कणांचे आकार एकमेकांना कधीच जुळत नाहीत.

आकृतीच्या रकान्यात, म्हणजे चित्रातला विषय पेनावर कसा उतरला यात, या वेळी सर्वाधिक गुण माँ ब्लां कंपनीच्या अँडी वॉरहॉल पेनाला. टोपणावर सूपच्या डब्यांची ओळ आहे. वॉरहॉलने १९६२मध्ये तोच डबा ३२ कॅनव्हासवर काढला, पुनरावृत्ती हाच तिथला विषय. गोल टोपणावर तिला ना सुरुवात, ना शेवट. मर्यादित आवृत्तीत किती नग काढले, त्या संख्येच्या अर्थाचे गुण मात्र कमी करावेत असं आता वाटतं. माँ ब्लांची आवडती ४८१० ही संख्या म्हणजे माँ ब्लां शिखराची मीटरमधली रूढ उंची, ती कंपनीबद्दल सांगते, कलाकाराबद्दल नाही. आणि संख्या चपखल असूनही पेन विषयापासून दूर जाऊ शकतं. माँ ब्लांचंच २००९चं गांधी पेन २४१ नगांचं होतं, दांडीयात्रेच्या २४१ मैलांवरून, पण ते पांढऱ्या सोन्यात घडवलेलं.

हे लिहिता लिहिताच तक्त्यातली मोठी फट दिसली. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या नावाने उद्या कुणी पेन केलं तर? नागपुरात १९२४ साली जन्मलेले, जे. जे.त शिकलेले गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे पारदर्शक थर चढवत आणि काढत. उचलून पेनावर ठेवावी अशी आकृती त्यांच्या चित्रांत नाही. त्यांचा खरा सन्मान करणारं पेन थर देऊन घासलेल्या लाखेचं असेल, आणि आमच्या तक्त्यात आकृतीचे २० गुण ते सरळ गमावेल. तेव्हा रंग २५ आणि आकृती २० हे मोडून त्या ४५ गुणांची नवी वाटणी: चित्रकाराची रीत (रंग लावायची त्याची पद्धत) २५, रंग १५, आकृती ५. निब २५, बांधणी २०, आवृत्ती आणि खोका १० सध्या तसेच.

या वाटणीत ‘रूम इन आर्ल’चं काय होईल ते ठरत नाहीये. व्हॅन गॉगचा रंग जाड, बोटाला लागेल असा, आणि रेझिन गुळगुळीत. अठरा पैलू उजेड तोडतात आणि पेन फिरवलं की रंग हलतो, पण त्याला ब्रशचा फटकारा म्हणावं का? माझे रीतीला २५ पैकी ११. बाकी दोघांनी आपापले आकडे फोटोंसोबत पाठवावेत, पोलरायझरसह आणि पोलरायझरशिवाय, दोन्ही.